थिबा राजवाड्यातली बाकीची माणसं : प्रकल्प नोंदी

2 ऑक्टोबर 2024

वाचनालयाच्या हॉलमध्ये 15 डिसेंबरला प्रदर्शन ठरलं. इंग्रजांनी इथे रत्नागिरीत कैदेत ठेवलेला बर्माचा शेवटचा राजा, थिबा, गेला ती तारीख. आठ फलक, तीन फूट बाय दोन फूट. मजकूर माझ्याकडे, चित्रं आणि मांडणी ड्रॉइंगच्या सरांकडे. समितीच्या डोक्यात नेहमीचंच होतं : राजा, राणी, मंडाले, माणकं, परत राजा. मी म्हटलं, राजाला एक फलक देते, उरलेले सात त्याच्या घरातल्या बाकीच्यांना. सर हसले. "म्हणजे राजवाड्यात बिऱ्हाडकरू कोण कोण होते, ते?" म्हटलं, तसंच समजा.

एका काकांनी लगोलग टिळकांचा फलक सुचवला. रत्नागिरीत जन्मलेले टिळक 1908 ते 1914 मंडालेच्या तुरुंगात, आणि मंडालेचा राजा तेव्हा रत्नागिरीत नजरकैदेत. योगायोग मोठाच आहे, पण गावातल्या दर भाषणात तो येतो, शाळेत असल्यापासून ऐकतेय. टिळक काही राजवाड्यात राहिले नव्हते. नको म्हटलं. काका माझ्यावर नाराज आहेत.

5 ऑक्टोबर

कोण कधी आलं, कधी गेलं, याची यादी वहीत मांडून बघितली. पहिल्याच ओळीला अडखळले.

मंडाले, थिबाची राजधानी, इंग्रजांच्या हाती पडलं नोव्हेंबर 1885 मध्ये. राजाचं वय तेव्हा सव्वीस. आधी मद्रासला नेलं, तिथून एप्रिल 1886 मध्ये बोटीने रत्नागिरीला आणलं. मग नोव्हेंबर 1910 पर्यंत, म्हणजे चोवीस वर्षांहून जास्त, तो साहेबाच्या जुन्या बंगल्यात राहिला. राजवाड्यात पाय ठेवल्यावर जेमतेम सहा वर्षांत, डिसेंबर 1916 मध्ये गेला. आपण 'थिबाचा राजवाडा' म्हणतो तिथे थिबापेक्षा त्याची विधवा जास्त काळ राहिली आहे. आणि मालक? सरकार. बांधकामाचे सव्वा लाखाहून जास्त रुपये इंग्रज सरकारने मोजले, वर पहारा आणि देखरेखीला अधिकारीही त्यांचाच. राजवाडा नावाची ही सरकारी कोठडी होती, फक्त सत्तावीस एकरांची.

रत्नागिरीच का, हे समितीतल्या एका तरुणाने विचारलं. त्याला कोकण रेल्वेच्या आधीची रत्नागिरी माहीतच नाही. रेल्वे नाही, घाट उतरायचा तर बैलगाडी, मुंबईला जायचं तर बोट, आणि पावसाळ्याचे चार महिने तीही बंद. माणूस हरवून ठेवायचा असेल तर याहून सोयीची जागा कुठली? आमची आजी सांगायची, आगोट लागली की पत्रसुद्धा उशिरा यायचं.

9 ऑक्टोबर

सकाळी सरांबरोबर राजवाड्यावर. सरांनी चौकोनी वही आणि फूटपट्टी आणली होती, मी पाण्याची बाटली विसरले.

ही इमारत नीट बघितली की चमत्कारिक वाटते. भिंती आपल्या जांभ्याच्या, लाकूड बर्मी साग, जमिनीला संगमरवर, छप्पर आपल्याकडच्यासारखं उतरतं, आणि खिडक्यांवर अर्धगोल कोरीव कमानी. त्यांत रंगीत काचा. कोकणी घर, साहेबी बंगला आणि बर्मी राजमहाल तिघांनी एकमेकांच्या पायावर पाय देऊन उभं राहावं, तसं. तिन्हीत राजाचं काय, असं विचारलं तर मी साग म्हणेन. मागच्या अंगाला बुद्धमूर्ती आहे.

दहाच्या सुमाराला एका काचेतून उन्हाचा लाल तुकडा फरशीवर पडला होता. सर खाली बसून त्याची रेघ आखत होते. मी तोवर जिन्याच्या कठड्यावर हात फिरवला. कठडा वरच्या बाजूने गुळगुळीत, आणि आतल्या कडेला, जिथे बोटं वळतात, तिथे जास्तच. सागाला अशी झिलई तेलाने येते तशी तळव्यांनीही येते. कोणाच्या, ते लाकूड सांगत नाही. राजा गेल्यावर इथे सरकारी माणसं राहिली, पुढे पॉलिटेक्निक भरलं. आमचे मामा तिथे शिकले आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरायचे, असं ते स्वतःच फुशारकीने सांगतात. तेव्हा झिलईत मामांचाही वाटा धरायला हवा.

सध्याचे रहिवासी : पारवे. सरांच्या वहीवर त्यांनी सही केली.

12 ऑक्टोबर, दसरा

सुट्टी. सोनं वाटून झाल्यावर फक्त नावांवर बसले. बर्मी नावं देवनागरीत कशी लिहायची यावर आमच्यात चार पद्धती निघाल्या. एकट्या पट्टराणीचंच सुपयालत, सुपायालत, सुपियालत. आम्ही 'सुपायालत' पक्कं केलं.

पण त्या नादात एक गंमत सापडली. सुपायाजी, सुपायालत, सुपायागले या तिघी बहिणी. जी म्हणजे मोठी, लत म्हणजे मधली, गले म्हणजे धाकटी. राजकन्यांचंही तेच : म्यात फाया जी, म्यात फाया लत, म्यात फाया, म्यात फाया गले. सगळ्या लांबलचक किताबांच्या तळाशी निघालं काय, तर थोरली, मधली, धाकटी! आमच्या घरात थोरल्या काकूंचं नाव मला दहावीपर्यंत ठाऊक नव्हतं. थोरल्या काकू, बस्. फलकावर म्हणून मी बिनदिक्कत थोरली, दुसरी, तिसरी, धाकटी असंच लिहिणार आहे, खाली छोट्या अक्षरांत पूर्ण नाव. राजाचं 'थिबा'सुद्धा गावावरूनच पडलेलं आहे, शान मुलुखातल्या जहागिरीवरून. आपल्या आडनावांसारखं.

18 ऑक्टोबर

राजकन्यांचा फलक. याला वेळ लागणार हे माहीत होतं.

थोरली 1880 ची, दुसरी 1883 ची, दोघी मंडालेत जन्मलेल्या. तिसरी 1886 मध्ये मद्रासला झाली, प्रवासातच म्हणायची. धाकटी 1887 ची, जन्म रत्नागिरीचा. म्हणजे राजवाड्यात राहायला गेल्या तेव्हा वयं तीस ते तेवीस, आणि चौघींपैकी एकीचंही लग्न झालेलं नाही.

याचं कारण त्यांच्या घरातच आहे आणि ते भयंकर आहे. त्या राजघराण्यात सोयरीक घराण्यातच व्हायची, सावत्र भावंडांतसुद्धा. थिबा आणि सुपायालत हेही सावत्र भाऊबहीणच. थिबा गादीवर बसल्यावर, फेब्रुवारी 1879 मध्ये, गादीवर हक्क सांगू शकतील अशा भावंडांची आणि आप्तांची कत्तल झाली. पुढे जन्माला येणाऱ्या चार मुलींचे संभाव्य सासरे त्या एका महिन्यात संपले. सरकारने बर्मात स्थळांची चौकशी करून बघितली, पण राजाच्या लेखी तोलामोलाचं कोणी उरलंच नव्हतं. सरांनी हे वाचून पेन्सिल खाली ठेवली आणि चहा मागवला.

दुसरी गोष्ट, लहान पण मला जास्त लागली ती. आपल्याकडे बाराव्या दिवशी सोनार येतो, पोर रडतं, कान टोचून होतात. बर्मी राजघराण्यात हा मुलीच्या आयुष्यातला थोर सोहळा. तो करायला ऐपत हवी, माणसं हवीत. राजकन्यांच्या कानांचा सोहळा रत्नागिरीत झाला 1914 साली. थोरली चौतीस वर्षांची होती.

मुली मराठी बोलायच्या. नोकरमाणसांत वाढल्यावर दुसरं काय होणार? म्हणजे आपल्यासारखंच बोलत असणार, "काय गो", "अगो बाय" करत. हे फलकावर लिहिता येणार नाही, अंदाज आहे माझा. इथे लिहून ठेवते.

19 ऑक्टोबर

कालच्या मजकुरात 260 शब्द झाले. फलकाला 140 बसतात. सरांनी पट्टीने मोजून दाखवलं. कत्तल दोन वाक्यांत आणली.

24 ऑक्टोबर

धाकटी राणी. सुपायागले. हिचं नाव गावात दहातल्या एकालाही माहीत नाही. सुपायालतची सख्खी बहीण, थिबाची धाकटी राणी, मंडालेहून बरोबर आली, त्याच बंगल्यात आणि मग त्याच राजवाड्यात राहिली. पट्टराणीविषयी एवढं लिहिलं गेलंय की ही तिच्या पदराआड दिसेनाशी झाली. 1912 मध्ये राजवाड्यातच वारली.

आणि इथून पुढे हा फलक मी कल्पनाही केली नव्हती तिकडे वळला. तिला लगेच कायमची मूठमाती मिळाली नाही. चार वर्षांनी राजा गेला, त्यालाही नाही. सुपायालतला दोघांना बर्मात न्यायचं होतं, सरकार ते होऊ देत नव्हतं, आणि राणी शवपेट्या सोडायला तयार नव्हती. शेवटी मार्च 1919 मध्ये सरकारने शहरात, आज ज्याला शिवाजीनगर म्हणतात त्या भागात, थडगं बांधून दोघांना तिथे ठेवलं. म्हणजे दोन-सव्वादोन वर्षं राजा आणि सहा वर्षांहून जास्त धाकटी राणी मेल्यानंतरही राजवाड्याच्या आवारातच मुक्कामाला होती.

माझ्या पहिल्या यादीत 'राहिले, पासून-पर्यंत' असे दोन रकाने होते. धाकट्या राणीच्या 'पर्यंत' मध्ये 1912 खोडून 1919 केलं.

त्याच वर्षी सुपायालत रंगूनला परत गेली. मंडालेला नव्हे, रंगूनला. 1925 मध्ये तिथेच वारली.

30 ऑक्टोबर

दिवाळी तोंडावर, घरात चकलीचा वास आणि मी दरवानाच्या फलकावर.

गोपाळ सावंत. बंगल्यावरचे दरवान. आधीच लग्न झालेले, घरदार असलेले. थोरल्या राजकन्येचं आणि त्यांचं जमलं, आणि 1906 मध्ये मुलगी झाली. राजवाडा बांधून व्हायच्या आधीच. राजाच्या घरात काय हलकल्लोळ झाला असेल त्याची कल्पना कोणालाही करता येते, म्हणूनच मी करत नाही. नात मात्र घरातच वाढली.

सरांचं म्हणणं, हा फलक नकोच. "गावात लोक दात काढतील." त्यांचं अगदी चूक नाही. ही गोष्ट रत्नागिरीत नेहमी आवाज खाली करूनच सांगितली जाते, आणि सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर ते विशिष्ट हसू असतं. पण दुसरी बाजू बघा : राजवाड्याच्या स्थानिक नोकरांपैकी पूर्ण नावाने आपल्याला ठाऊक असलेला जवळजवळ हा एकच माणूस, आणि तोही भानगडीमुळे. सरकारी कागदात गरीब माणूस दोनच कारणांनी नावानिशी येतो, पैसे थकले तर किंवा लफडं झालं तर. सावंत वगळले तर दरवाजावर कोणीच उभं नव्हतं असं होईल.

तासभर वाद. शेवटी तोडगा भाषेत निघाला. माझ्या कच्च्या मजकुरात राजा 'तो', राणी 'ती', अधिकारी 'ते' आणि दरवान 'तो' असा गोंधळ होता. साहेबाला आपसूक आदरार्थी बहुवचन देऊन बसले होते, लाज वाटली. आता नियम : फलकावर सगळ्यांना 'ते' आणि 'त्या'. दरवानालासुद्धा, पाणक्यालासुद्धा. सर म्हणाले, दर फलकाला एक ओळ वाढेल. वाढू दे. (या वहीत मात्र मी राजाला 'तो'च म्हणणार, जिभेला सवय आहे.)

6 नोव्हेंबर

छपाईचे दर काढले. फ्लेक्स स्वस्त, पण नगरसेवकाच्या वाढदिवसासारखा दिसतो. सनबोर्डवर विनाइल घ्यायचं ठरलं. वर्गणी कमी पडते आहे. आठाचे सात फलक करावे लागतील. राजाचा फलक काढा असं मी म्हटलं, कोणी हसलं नाही. सुपायालतचा आणि राजाचा एकत्र केला.

13 नोव्हेंबर

टूटू.

पाच दिवस ही नोंद पुढे ढकलत होते. थोरल्या राजकन्येची आणि गोपाळ सावंतांची मुलगी, थिबा राजाची नात. मायलेकी शेवटी रत्नागिरीच्याच झाल्या. बाकीच्या तिघींच्या वाटा बाहेर गेल्या : दुसरी 1917 मध्ये वडिलांच्या पदरी काम केलेल्या बर्मी गृहस्थांबरोबर निघून गेली आणि कालिंपाँगला स्थायिक झाली, तिसरी आणि धाकटी आईबरोबर बर्मात. धाकटीने तर तिथे पुढे इंग्रजांकडे राज्य आणि माणकं परत मागून सरकारला भंडावलं. रत्नागिरीत जन्मलेली ती एकटीच, आणि मंडालेसाठी सर्वांत मोठ्याने भांडली तीच. तिला स्वतंत्र फलक द्यायला हवा होता.

थोरली 1947 मध्ये रत्नागिरीतच वारली, हलाखीत. टूटू पवारांच्या घरात दिल्या, मुलंबाळं झाली, मराठीत बोलल्या, मराठीतच संसार केला. कागदी फुलं करून विकायच्या, शेणी, म्हणजे गोवऱ्या, थापायच्या. 2000 साली वारल्या, चौऱ्याण्णव वर्षांच्या होऊन.

बाहेरून आलेले पत्रकार या गोष्टीवर तुटून पडायचे ते साहजिक आहे. राजाची नात शेण थापते, मथळा तयार. मी पहिला मजकूर तसाच लिहिला होता. रात्री धाकटीला, माझ्या बहिणीला, वाचून दाखवला. ती म्हणाली, "अगो, आपल्या आजीनेपण आयुष्यभर शेणी थापल्या, तिच्यावर कोणी रडलं का?" फोन ठेवल्यावर मी सगळी विशेषणं काढली. हलाखी, दुर्दैव, शोकांतिका, दैवगती. उरलं ते असं : त्या कुठे जन्मल्या, कोणाच्या, काय काम करायच्या, कधी गेल्या. आणि एक वाक्य, की राजघराण्यातली सर्वांत जास्त वर्षं रत्नागिरीत काढलेली व्यक्ती थिबा नव्हे, या.

त्यांच्या पुढच्या पिढ्यांचं नाव-गाव फलकावर द्यायचं नाही, हे समितीत एकमताने ठरलं. पहिल्यांदाच एकमत.

सरांना चित्रासाठी दोन गोष्टी सांगितल्या : कागदी फूल आणि शेणींची उतरंड.

21 नोव्हेंबर

शेवटचा फलक, बिननावाच्यांचा. बर्माहून येणारे आणि काही वर्षांनी परत जाणारे सेवक-दासी, राजाराणीसमोर गुडघ्यांवर सरकत जाणारे. आणि आपल्याकडचे : पाणी भरणारे, झाडलोट करणारे, माळी, गाडीवान, पहाऱ्यावरचे शिपाई.

एका कॉलेजातल्या मुलाने सुचवलं की हा फलक कोराच ठेवू, लोक थबकतील. थबकतील, आणि विनाइल चिकटवायचं राहिलं म्हणतील. शिवाय असं काहीतरी मी आधी कुठेतरी पाहिलंय. त्याऐवजी राजवाड्याचा एक दिवस लिहिला, कामाच्या क्रमाने. पाण्यापासून सुरुवात. टेकाडावर सत्तावीस एकर, एवढ्या माणसांची आंघोळ, स्वैपाक, बाग. चैत्र-वैशाखात रत्नागिरीत पाण्याची काय तऱ्हा असते ते इथल्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. फलकाचं नाव 'पाणी कोणी भरलं?' सर म्हणाले, हे मात्र बरं जमलंय.

29 नोव्हेंबर

छापून आले आणि डोक्याला हात लावला. दुकानदाराने मजकूर युनिकोडमधून त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये नेला, वाटेत सगळे 'ऱ्य' मेले. पायऱ्यांचं पायर्यां, दुसऱ्याचं दुसर्या, चौऱ्याण्णवचं तर चौ, मग चौकोन, मग ण्णव. आणि राजाच्या मृत्यूचं साल 1961. थिबाला आम्ही महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्याही पुढे जगवलं.

प्रूफ मी बघितलं होतं, व्हॉट्सअ‍ॅपवर, एसटीत उभं राहून. तेव्हा दोष वाटून घेतला. दोन फलक नव्याने, बाकीच्यांवर पट्ट्या.

14 डिसेंबर

टांगले. हॉलच्या भिंतीला खिळा बसेना, जांभा भुरभुरतो. सुतळीने खिडकीच्या गजांना बांधले, म्हणून रांग थोडी वाकडी आहे. नाराज काका स्वतःहून शिडी धरायला आले. टिळकांची ती ओळ मी राजाच्या फलकात तळाला घातलीय, अजून त्यांच्या लक्षात आलेली नाही.

15 डिसेंबर

रविवार, गर्दी बरी. बहुतेकजण दरवानाच्या फलकापाशी थांबले. दात कोणी काढले नाहीत असं नाही, पण थोड्यांनीच.

साडेअकराच्या सुमाराला एक आजी आल्या, नऊवारी, हातात कापडी पिशवी. सगळे फलक त्यांनी वाचले नाहीत. टूटूंच्या फलकापुढे बराच वेळ उभ्या होत्या. मला वाटलं, आता काही आठवण सांगतील, मी वही काढली. त्यांनी चित्रावर बोट ठेवलं.

"ह्या शेणी कोणी काढल्यान?"

सर पुढे झाले. म्हणाले, मी.

"भाकरी वाटतात. शेणीवर बोटं उठतात. ही पाच." आणि हवेत हात आपटून दाखवला.

सरांनी खिशातली पेन्सिल काढली आणि तिथेच, उभ्याउभ्या, विनाइलवर प्रत्येक शेणीला पाच-पाच बोटं काढायला घेतली. पेन्सिल विनाइलवर उठेना. मग मार्कर शोधायला मी ऑफिसात गेले.